ऑक्टोबरात रेनेसाँ फेअर: सासू-सासऱ्यांना न्यावं का?

सोनचाफा
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही उत्तर व्हर्जिनियात असतो. सासू-सासरे पुण्याहून आलेत, थँक्सगिव्हिंगपर्यंत मुक्काम. वॉशिंग्टनची म्युझियम्स झाली, माउंट व्हर्नन झालं, कॉस्टको तर दर रविवारी होतंच. आता चिरंजीवांनी (वय वर्षे ८, सध्या अंगात सरदार संचारलाय) हट्ट धरलाय की अ‍ॅनापोलिसजवळ क्राउन्सव्हिलला जो मेरीलँड रेनेसाँ फेस्टिव्हल भरतो (जुन्या इंग्लंडातल्या गावाचा देखावा, राजा-राणी, सरदार, नाटकं अशी जत्रा), तिथे जायचंच. ऑक्टोबरअखेर तो संपतो, म्हणजे मोजकेच शनिवार-रविवार हातात आहेत.

अडचणी अशा: सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, खोटा इतिहास दिसला की त्यांचं बीपी वाढतं. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. नवऱ्याचं म्हणणं, "पैसे मोजून लोकांचे मखमली झगे बघायचे, त्यापेक्षा मी घरी झोपतो." मी स्वतः कधी गेलेले नाही. अख्खा दिवस घालवण्यासारखं आहे का? वयस्कर माणसांना झेपेल का? वेशभूषा करावीच लागते का?

कैरीचं_पन्हं
जा, जा, जा. नवऱ्याला खरंच घरी ठेवा.

बाल्टिमोरचा_बंड्या
आधी तिकिटाचं बघा. तिकीट ठरावीक तारखेचं असतं आणि ते आधीच ऑनलाइन काढावं लागतं. गेटवर जाऊन "चार मोठे, एक लहान" असं चालत नाही. ऑक्टोबरातला शनिवार आणि त्यात हवा छान पडली की तिकिटं संपलीच म्हणून समजा. रविवार जरा बरा.

मेळा सकाळी दहा ते संध्याकाळी सात. दहाला गेट उघडतं तेव्हा तुम्ही समोर उभं असायला हवं. अकराच्या पुढे पोचलात तर शेवटच्या दोन मैलांत मुलाचा, सासऱ्यांचा आणि तुमचा असा तिघांचाही संयम संपेल. पार्किंग गवताच्या मैदानात. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर चपला-सँडल अजिबात नको, बूट घाला.

झेपण्याबद्दल: जागा झाडीत आहे त्यामुळे सावली भरपूर, पण वाट कच्ची. खडी, झाडांची मुळं, थोडा चढउतार. नाटकांना बसायला लाकडी बाकं, त्यांना पाठ नाही. सासूबाईंसाठी एक उशी आणि काठी न्या. आणि सगळं बघायच्या फंदात पडू नका. भालाझुंजीची (घोड्यांवरून भाल्यांची लढत) एक वेळ पक्की करा, आसपासचे दोन-तीन खेळ बघा, बाकी वेळ नुसतं बसून येणारे-जाणारे बघा. खरी मजा त्यातच आहे.

चिंगी
वेशभूषा सक्तीची नाही. निम्मे लोक जीन्सवर असतात. हवीच असेल तर तिथे भाड्याने मिळते. बाकी निम्म्यांत चाचे, व्हायकिंग, पंखवाल्या पऱ्या आणि एक तरी 'स्टार वॉर्स'मधला स्टॉर्मट्रूपर. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या दरबारात!

माझी आई साधी इरकली नेसून आली होती. राणीच्या दासीचं काम करणाऱ्या एका मुलीने गुडघ्यात वाकून तिला विचारलं, बाईसाहेब कुठल्या प्रांताच्या? आईने शांतपणे सांगितलं, "सांगली." त्या पोरीने तिथल्या तिथे दवंडी दिली, "लेडी ऑफ सांगली पधारल्या आहेत, वाट द्या!" आणि लोकांनी खरोखर वाट दिली हो. आमच्या फॅमिली ग्रुपवर आईला अजून त्याच नावाने हाक मारतात.

टवाळ_कार्टा
लेडी ऑफ सांगलीने हळदीचा भाव तेवढा जाहीर करायला हवा होता.

मध्ययुगीन
सासऱ्यांच्या वतीने मी आधीच वकीलपत्र घेतो. या मेळ्याची गोष्ट आठव्या हेन्रीच्या काळात घडते. राज्य १५०९ ते १५४७, बायका सहा. दरवर्षी कथानक थोडं पुढे सरकतं, म्हणजे या साली कुठली राणी आहे हे बघून जावं लागतं. इथवर ठीक. पण लोकांच्या हातात काय असतं? टर्कीची तंगडी. टर्की हा मूळचा अमेरिकेतला पक्षी. इंग्लंडात तो हेन्रीच्याच कारकिर्दीत पोचला खरा, पण श्रीमंतांच्या पंगतीपुरता. रस्त्यावरून चालताना तंगडी चावणारा शेतकरी ही शुद्ध लोणकढी. शेतकरी खायचा वाटाणे-जव-ओट घालून रटरटवलेली पातळ खिचडीवजा पेज. भाजलेलं कणीस? मकाही अमेरिकेचा. बटाट्याच्या फ्राइज? बटाटाही.

कपड्यांचं तर विचारूच नका. कुणी काय ल्यायचं याचे कायदे होते. १५३३ च्या कायद्याने जांभळं रेशीम आणि सोन्याच्या तारांचं कापड जवळजवळ राजघराण्यापुरतंच राखून ठेवलं. त्या मेळ्यात जांभळ्या पॉलिस्टरमध्ये फिरणाऱ्यांची संख्या बघता हेन्रीचा खजिना दंडावरच भरला असता.

कैरीचं_पन्हं
मध्ययुगीन काका, तुम्हाला मेळ्यात नोकरी द्यायला हवी. कोपऱ्यात उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दंड करायचा. लोक हौसेने भरतील.

मध्ययुगीन
अर्ज करतो. जांभळा झगा मिळणार असेल तर.

उपासाची_मिसळ
शाकाहाराबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहिते. उपाशी राहणार नाहीत, पण विचारत विचारत खावं लागेल. ब्रेडच्या पोकळ पावात सूप मिळतं ते छान दिसतं, पण ब्रॉकलीच्या सुपातही कोंबडीचं पाणी असू शकतं, विचारा. तळलेल्या गोष्टी शाकाहारी असल्या तरी तेल कशाचं आणि त्यात आणखी काय तळलंय तेही विचारा. प्रेट्झेल, भाजलेलं कणीस (मध्ययुगीन, क्षमस्व) निर्धोक. सफरचंदाचं गरमागरम डंपलिंग असतं त्यात अंडं आहे का ते बघा. बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून मी गाडीत दशमी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवते आणि दुपारी पार्किंगमध्ये अंगतपंगत करते. पुन्हा आत सोडतात की नाही ते मात्र निघताना गेटवर विचारून घ्यायचं.

बाल्टिमोरचा_बंड्या
आणि जे खातात त्यांच्यासाठी: ती तंगडी मिठाच्या पाण्यात मुरवून धुरावर शिजवलेली असते. आतून गुलाबी निघते ती कच्ची म्हणून नव्हे. चव कोंबडीपेक्षा हॅमच्या जवळची. एकट्याला संपत नाही. हातभर रुमाल न्या.

नवरा_नंबर_एक
एक सावधगिरीची सूचना. तिथले बरेच खेळ द्व्यर्थी विनोदांवर चालतात. पोरांना कळत नाही, मोठे खिदळतात. शिवाय काचोळ्या फार घट्ट असतात. सासूबाईंना इंग्रजी कितपत कळतं?

सोनचाफा
सासूबाई तीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या :)

नवरा_नंबर_एक
मग सासऱ्यांना शेजारी बसवू नका. भाषांतर मागतील.

रानमांजर
वाचतेय. रंगाचा बेरंग करायचा नाही, पण एक शंका मनापासून विचारते. ज्या काळात बहुतेक लोक कुणाच्या तरी जमिनीवर राबत होते, बायकांना मतच नव्हतं आणि राजा दोन बायकांची डोकी उडवतो, त्या काळाची सहल काढायची हौस कशासाठी? आणि सगळे सरदार, राण्या नाहीतर पऱ्या. विणकर कोणी होत नाही.

आपल्याकडे लावून बघा. उद्या पुण्याबाहेर कोणी 'पेशवाई मेळा' भरवला, प्लायवूडचा शनिवारवाडा, भाड्याच्या पगड्या, तर आपण इतक्या निर्धास्तपणे जाऊ का? कोण कुठल्या वेशात येणार? गळ्यात मडकं बांधलेला माणूस दाखवणार की गाळणार? पहिल्या तासातच डोकी फुटतील, आणि ती फुटणं चूक आहे असंही मला वाटत नाही.

टवाळ_कार्टा
आली आली, काडी आली. पॉपकॉर्न घेऊन बसतो. (मका अमेरिकेचा आहे हे माहीत आहे, काका.)

अण्णा_डेट्रॉइट
रानमांजर, प्रश्न चांगला आहे, त्याला नुसतं काडी म्हणून सोडू नये.

हे मेळे कुठून आले ते बघितलं की थोडा उलगडा होतो. पहिला भरला मे १९६३ मध्ये, लॉस एंजेलिसला. फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिकेने लॉरेल कॅन्यनमधल्या आपल्या परसात मुलांची नाटकं बसवली होती, जुन्या इटालियन फिरत्या नाटकमंडळ्यांच्या धर्तीवर. त्यातून ती आणि तिचा नवरा रॉन यांनी शनिवार-रविवारचा एक मेळा भरवला, तोही केपीएफके या श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्राला निधी म्हणून. त्या केंद्राची ओळख डाव्या विचारांचं अशी. म्हणजे सुरुवात राजेशाहीच्या प्रेमातून झालेली नाही, उलट पुढे हिप्पी, हाताने काम करणारे कारागीर, कारखानी मालाला कंटाळलेले लोक तिथे जमले. मेरीलँडचा मेळा १९७७ मध्ये सुरू झाला आणि १९८५ पासून क्राउन्सव्हिलला आहे. तिथेही दुकानांतल्या बऱ्याच वस्तू हाताने घडवलेल्या असतात: कातडं, काच, माती, लोखंड.

दुसरं असं की अमेरिकन माणसाला राजा हे खेळणं वाटू शकतं, कारण त्याच्या देशाने राजाशी भांडूनच संसार मांडला. मेळ्यातल्या हेन्रीला मुजरा केला म्हणून त्याच्या घरातलं कोणी दुखावत नाही. आपल्याला पेशवाई खेळणं वाटत नाही, कारण ती अजून आपल्या ताटात वाढलेली आहे. त्यांचंही दुखरं आहेच: अमेरिकन यादवी युद्धाच्या आधीच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर झगे घालून लग्नं लावतात त्यावर तिथे भांडणं होतातच. म्हणून मेळा ट्यूडरांचा, म्हणजे हेन्रीच्या घराण्याचा. परक्याचा इतिहास भाड्याने घेतला की डाग पडले तरी आपल्याला धुवावे लागत नाहीत.

रानमांजर
हे पटलं. तरी विणकर कोणी होत नाही.

चिंगी
भिकारी होतात की! अशा मेळ्यांत चिखलात लोळणाऱ्या भिकाऱ्यांचा खेळ हा तर जुना हुकमी प्रकार. पुढच्या रांगेत बसलात तर तुमच्यावरही चिखल. आणि टोपी फिरते तेव्हा खरोखर पैसे टाकायचे. या कलाकारांची बरीचशी कमाई टोपीतून होते. एक-एक आणि पाच-पाच डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. त्यातले कितीतरी जण वर्षभर मेळ्यामागून मेळा करत फिरतात, हिवाळ्यात अ‍ॅरिझोना-फ्लोरिडा, वसंतात टेक्सास-जॉर्जिया, उन्हाळा संपला की उत्तरेकडे. राहणं गाडीत किंवा तंबूत.

गडकिल्ले_वेडा
मी पुढच्या रविवारी जातोय. माझ्याकडे मावळ्याचा पूर्ण पोशाख आहे: बाराबंदी, पटका, तलवार, ढाल. शिवजयंतीला शिवून घेतलेला. घालून जाऊ का? तलवार नेऊ देतात का?

बाल्टिमोरचा_बंड्या
तलवारीचा नियम साधा असतो: म्यानात, आणि मूठ म्यानाला अशी बांधलेली की उपसता येणार नाही. गेटवर तपासतात. मेळ्याच्या वेबसाइटवर शस्त्रांचं पान वाचून जा, नियम बदलतात.

मध्ययुगीन
महाराजांचा जन्म १६३० चा. हेन्री १५४७ मध्ये गेला. शंभरेक वर्षांचं अंतर आहे. काळाशी जुळायचं तर तुम्हाला निजामशाहीतला किंवा आदिलशाहीतला मराठा शिलेदार व्हावं लागेल.

चिंगी
काका, तिथे स्टॉर्मट्रूपर आहे!!

शब्दाली
माझं मत वेगळं. मावळ्याचा पोशाख घालून तिथे बिअरचा मग आणि तंगडी हातात घेऊन फोटो टाकणार असाल तर नका घालू. ते आपल्यासाठी फॅन्सी ड्रेस नाही. अण्णांनी वर जे लिहिलंय ते इथे तंतोतंत लागू होतं.

गडकिल्ले_वेडा
मी पीत नाही आणि नवरात्रात मांसाहारही करत नाही. आणि मावळा म्हणजे साधा माणूस, शेतकरी गडी. रानमांजरताईंना विणकर हवा होता ना, शेतकरी घ्या.

रानमांजर
घेतला :) पण शब्दालीचं म्हणणं कानाआड करू नका. तुम्ही नीट वागाल, पण फोटो कोण कुठे फिरवेल ते तुमच्या हातात नाही.

संपादक
पोशाखाची चर्चा सभ्य चालली आहे तोवर राहू देत आहोत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. कुणाचे ते त्यांना कळवलं आहे.

मांडवीकाठी
मध्ययुगीन यांनी काळ काढलाच आहे तर गोव्याकडूनही हजेरी लावतो. हेन्री गादीवर बसला १५०९ ला, आणि पुढच्याच वर्षी, १५१० मध्ये, पोर्तुगीज अल्बुकर्कने आदिलशाहाकडून गोवा घेतला. म्हणजे तिकडे भालाझुंजी चालल्या होत्या तेव्हा आमच्याकडे ही सगळी गडबड. आणि मेळ्याच्या थोडं पुढचा, पण अस्सल त्या इंग्लंडातला एक माणूस आपल्याला चांगला ठाऊक आहे: फादर स्टीफन्स. जन्म विल्टशरचा, १५४९ च्या सुमाराचा. हेन्रीची मुलगी एलिझाबेथ हिच्या राज्यात कॅथलिकांना जगणं कठीण झालं होतं, तो रोमला गेला, जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाचा) झाला, लिस्बनहून जहाजाने निघाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला. पुढे सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं, १६१६ साली गोव्यातच राशोलला छापलं गेलं. गोव्यात पोचल्यावर बापाला लिहिलेलं त्याचं पत्र इंग्लंडात तेव्हा छापूनही आलं. तुमच्या सासऱ्यांना हे आवडेल.

अर्थात तो गोव्यात असताना तिथल्या हिंदूंचं काय चाललं होतं, इन्क्विझिशन आणि देवळं, हे विसरून फक्त ओव्यांचं कौतुक करता येत नाही. रेनेसाँ म्हटलं की हे दोन्ही येतं.

कैरीचं_पन्हं
धागा कुठून कुठे गेला! वाचनखूण साठवली.

मध्ययुगीन
मांडवीकाठी, सुंदर भर. त्यात माझी एक चिमूट: एकनाथांचा जन्म साधारण १५३३ चा मानतात. त्याच वर्षी अ‍ॅन बोलिन राणी झाली आणि एलिझाबेथ जन्मली. नाथांची भारुडं म्हणजे आंधळा, जोशी, वासुदेव असली सोंगं घेऊन उभ्या गर्दीसमोर करायचे प्रयोग. पैठणच्या यात्रेत भारूड आणि इंग्लंडातल्या बाजारात फिरतं नाटक, दोन्ही एकाच शतकात. मेळ्यातल्या त्या चिखलातल्या भिकाऱ्याकडे या नजरेने बघितलं तर सासऱ्यांचं बीपी ताब्यात राहील.

पागेतला
भालाझुंजीवर कोणीच लिहिलं नाही! मेरीलँडचा अधिकृत राज्य-खेळ जाउस्टिंग, म्हणजे भालाझुंज आहे, १९६२ पासून. पण तो मेळ्यातला एकमेकांना पाडायचा प्रकार नव्हे. कमानीला टांगलेल्या बारीक कड्या दौडत्या घोड्यावरून भाल्याच्या टोकात ओवायच्या, आणि फेरीगणिक कड्या लहान होत जातात. आपल्या घोडदळाच्या स्पर्धांत टेंट पेगिंग बघितलंय का? जमिनीत रोवलेली खुंटी भाल्याने उचलतात ते. त्याच जातीचं कसब.

मेळ्यात मात्र चिलखतं घालून समोरासमोर. सोळाव्या शतकात हा खेळ राजांच्याही जिवावर बेतला आहे. स्वतः हेन्री जानेवारी १५३६ मध्ये घोड्यासकट पडला, मग पुन्हा तो झुंजीत उतरला नाही. फ्रान्सचा दुसरा हेन्री १५५९ मध्ये तर मेलाच. प्रतिस्पर्ध्याचा भाला फुटला, त्याची ढलपी शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्याच्या वर घुसली, दहा-अकरा दिवस तडफडून गेला. त्यामुळे आता भाल्याचं टोक मुद्दाम सहज फुटेल असं ठेवतात. आवाज मोठा, इजा कमी. तरी घोडे खरे, वजन खरं. अर्धा तास आधी जागा धरा.

ह्यूस्टनची_हिरकणी
आमच्याकडे टेक्सासला या कधीतरी. टॉड मिशनला १९७४ पासून भरतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे शनिवार-रविवार, आणि आकार एवढा की एका दिवसात पाय तुटतात. आमच्या पंचाईती वेगळ्या: तेव्हाच मंडळाची दिवाळी, मुलांची नाटकाची तालीम, फराळाची ऑर्डर. दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी चकल्या जिंकतात.

सोनचाफा
जाऊन आलो मंडळी! रविवार धरला, बंड्या यांचं ऐकून दहाच्या आत गेटवर. सगळ्यांचे आभार, आता सविस्तर.

नवरा आला. (हो.) आत शिरल्यावर अर्धा तास हाताची घडी घालून चालत होता, मग लोहाराकडे थांबला आणि तिथून हलेना. लोहार सळई भट्टीतून काढायचा, ती कुठल्या रंगावर आली की ठोकायची ते पोरांना दाखवायचा: लाल झाली तरी नाही, केशरी पिवळी झाली की घाव. चार घावांत टोक, पाचव्याला वळण, पाण्यात बुडवली की फुसकारा. खुंटाळं तयार. ते आता आमच्या दारामागे आहे, किंमत विचारू नका.

सासरे. इतिहासाच्या चुका त्यांनी वहीत टिपल्या, खरंच टिपल्या. पण राजा लवाजमा घेऊन वाटेतून चालला होता तेव्हा हे पुढे झाले आणि विचारलं, "महाराज, पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आपल्याला खबर आहे का?" (मांडवीकाठी, हे तुमचं पाप.) तो नट एक क्षणही अडखळला नाही. म्हणाला, खबर आहे, आणि तेव्हापासून आम्हाला मिरी महाग पडते आहे, तुम्ही त्यांना जरा समजावा. सासरे इतके खूश की संध्याकाळपर्यंत "तयारीचा माणूस आहे" एवढंच म्हणत होते. चुकांची वही बंद.

सासूबाईंची गंमत सांगते. तिथे लाकडी घोड्यांचं एक चक्र आहे, मोटर नाही. एक काटकुळा मुलगा दांडा धरून पळत सुटतो, वेग आला की स्वतः पाय उचलून दांड्याला लटकतो, मंदावलं की पुन्हा पळतो. जत्रेतल्या हाताने ढकलायच्या पाळण्यासारखंच सगळं. सासूबाई समोरच्या बाकावर बसल्या त्या बसल्याच. आम्ही काचवाल्याकडे जाऊन आलो तरी त्या तिथेच. मुलाची पाळी संपल्यावर त्यांनी त्याला बोलावलं, त्याचे तळहात उलटे करून बघितले, आणि विचारलं जेवलास का. त्याने सांगितलं चारनंतर सुट्टी होते. त्यावर त्यांनी पर्समधली राजगिऱ्याची वडी काढून दिली. नियमात बसत नाही हे मला माहीत आहे, मी दुसरीकडे बघत होते.

विनोदांचं म्हणाल तर एका खेळात सासूबाई सगळ्यांच्या आधी हसल्या. आम्ही कोणी कोणाकडे बघितलं नाही.

चिरंजीवांना झुंज आवडली, पण घोडा आमच्या बाजूने दौडत आला तेव्हा माझा दंड घट्ट धरला होता. फुटलेल्या भाल्याची वीतभर ढलपी एका मदतनीसाने कुंपणावरून त्याला दिली. रंग लावलेली, एका टोकाला कुसं निघालेली. पागेतला यांची दुसऱ्या हेन्रीची गोष्ट मी त्याला सांगितली नाही, सासऱ्यांनी सांगितली. आता ती ढलपी घेऊन तो झोपतो.

तोटे: दुपारी दोनला गर्दी अशी की ढकलाढकलच. खाण्याच्या रांगा लांब. पेंढा टाकला होता तरी दोन ठिकाणी चिखल होता, सासूबाईंना काठी हवीच होती. आणि पैसे! तिकीट ही फक्त सुरुवात असते, आत प्रत्येक गोष्टीला वेगळे. आमच्या पाच जणांचा दिवस एका छोट्या ट्रिपच्या भावाने पडला. दरवर्षी जाणार नाही. पाहुणे आले की एकदा, असं ठरवलंय.

रानमांजर
मस्त वृत्तांत. लोहाराच्या जागी तरी खरा कष्टकरी भेटला म्हणायचा.

शब्दाली
सासूबाईंना नमस्कार सांगा. आणि गडकिल्ले_वेडा, तुमचं काय झालं?

गडकिल्ले_वेडा
बाराबंदी आणि पटका घालून गेलो, तलवार घरी ठेवली. शब्दालीताई, फोटो एकच टाकलाय, हातात पाण्याची बाटली. दिवसभरात सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: "तू अल्लादीन आहेस का?"

टवाळ_कार्टा
खिक्. लेडी ऑफ सांगलीकडून शिका, आत्मविश्वासाने गावाचं नाव ठोकून द्यायचं.

मध्ययुगीन
"मिरी महाग पडते" हे उत्तर त्या काळाला अगदी धरून आहे. त्या नटाला माझ्या दंडातून सूट.

न्यूजर्सीकर
धागा आत्ता बघितला. आमच्या जवळचा, न्यूयॉर्क राज्यातल्या टक्सीडोचा मेळा या वर्षीपुरता आटोपला. पेनसिल्व्हेनियात मॅनहाइमला माउंट होप इस्टेटवर जो असतो तो ऑक्टोबरअखेरपर्यंत चालू आहे. कोणी कट्टा करणार का? मी गाडी काढतो.

चिंगी
मी येते. आई पण आहे सध्या, इरकलीसकट.

कैरीचं_पन्हं
मीही. शनिवार नको, मुलीची मराठी शाळा असते.

न्यूजर्सीकर
मग रविवार. गाडीत अजून तीन जागा आहेत. मध्ययुगीन काका, तुम्ही येणार असाल तर वाटेत मका खायला थांबणार आहोत, हे आधीच सांगून ठेवतो.

मध्ययुगीन
येतो. मला एक कणीस, मीठ-लिंबू लावून. तिखटही लावा, मिरचीसुद्धा पोर्तुगीजांनीच आणली.